अकरा सेकंदांची खरखर

१

बुधवारी सकाळी नऊ वाजता आवाजवाल्याने डबी उघडली, कॅसेट यंत्रात घातली, बटण दाबलं आणि आमच्याकडे बघितलं. पाच सेकंद गेले, दहा गेले. स्पीकरमधून काहीच आलं नाही.

"कोरी आहे," तो म्हणाला.

"दुसरी बाजू लाव," दिग्दर्शिका म्हणाली.

दुसरी बाजूही कोरी होती.

त्या खोलीत आम्ही चौघं होतो. आवाजवाला, म्हणजे आमचा ध्वनिमुद्रक. दिग्दर्शिका, वय बत्तीस, पहिलाच मोठा सिनेमा. सेटवरच्या सुईपासून सोफ्यापर्यंत सगळ्या वस्तू सांभाळणारे काका. आणि मी. माझं काम कंटिन्युइटीचं. सिनेमा तुकड्यातुकड्यांनी चित्रित होतो. सकाळी नटीने पदर डाव्या खांद्यावर घेतला असेल आणि दुपारी उजव्या, तर पडद्यावर हसं होतं. तसं होऊ नये म्हणून मी प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर फोटो काढते, वहीत नोंदी ठेवते. सव्वीस वर्षं हेच करते आहे. सेटवर मला 'वहीबाई' म्हणतात आणि माझ्या वहीला घाबरतात.

डबीत जी असायला हवी होती ती कॅसेट नाहीशी झाली होती, आणि तिच्यावर आमच्या सिनेमाचा शेवट उभा होता. 'दुसरी किल्ली' या नाटकाचा तो सिनेमा. दोन शेजारणी, एकमेकींच्या घराची जादा किल्ली सांभाळणाऱ्या. एक मरते. दुसरी तिच्या घराची किल्ली घेऊन आत जाते, आवराआवर करत बसते. नाटकात रंगमंचावर बाई एकच. गेलेली मैत्रीण फक्त आवाजातून भेटते, तीन वेळा. शेवटी तिने मागे ठेवलेली कॅसेट सापडते आणि त्यातून ती बोलते.

रंगमंचावर दिसायच्या त्या थोरलीबाई. पडद्याआडून रोज बोलायची ती धाकटी. नात्याने दोघी कोणी नव्हेत. नाटक मंडळीत नावं पडली आणि चिकटली. बावीस वर्षं दोघींनी ते नाटक केलं. सहा वर्षांपूर्वी धाकटी गेली आणि नाटक बंद पडलं. सिनेमात थोरलीबाई आपल्याच भूमिकेत होत्या. धाकटीच्या आवाजाला चेहरा दिला होता आमच्या नायिकेने. पण शेवटचं भाषण धाकटीच्या खऱ्या आवाजात हवं, असा दिग्दर्शिकेचा हट्ट होता. धाकटीच्या लेकीला आईच्या सामानात एक कॅसेट सापडली, तीत ते अख्खं भाषण होतं. सोमवारी तिने ती स्वतः आणून दिली आणि थोरलीबाईंच्या खोलीत उतरली.

"रात्रभर कपाटात होती," काका म्हणाले. त्यांचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला. "कुलूप मीच लावलं, मीच उघडलं."

हे बोलून त्यांनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. त्या कपाटाला किल्ली एकच होती.

२

निर्माते चार वाजता येणार होते. फोनवर त्यांनी दिग्दर्शिकेला एवढंच सांगितलं, "त्या कपाटवाल्याला बसवून ठेव, मी पोलिसांशी बोलतो."

काकांना मी वीस वर्षं ओळखते. खोट्या दागिन्यांचासुद्धा हिशेब देणारा माणूस. त्यांच्या बायकोने दिलेला डबा त्या दिवशी त्यांनी उघडलाच नाही. दाराशी स्टुलावर बसून राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "मी नाही हो" म्हणत राहिले. कोणी विचारलंही नव्हतं.

मी दिग्दर्शिकेला म्हटलं, "चारपर्यंत मला वेळ दे. तोवर कोणाला काही बोलू नकोस."

"ताई, तुम्ही काय करणार?"

"जे रोज करते तेच. काय कुठे होतं ते बघणार."

मी ती कोरी कॅसेट उचलून खिडकीशी नेली. पांढरी पट्टी, त्यावर लिहिलेलं 'तिच्यासाठी'. अक्षर हुबेहूब धाकटीचं, पण तिच्या हातचं नव्हतं. धाकटी शाईच्या पेनाने लिहायची; मूळ पट्टीवर शाई फुटली होती, 'त' च्या पोटाला केसाळ कडा होत्या. इथे रेघ अगदी स्वच्छ.

"काका, ही तर आपलीच डमी."

ते जवळ आले आणि डोळे बारीक करून बघत राहिले. मूळ कॅसेट खराब होऊ नये म्हणून चित्रीकरणासाठी काकांनीच हुबेहूब दुसरी बनवून ठेवली होती. ती त्यांच्या तबकात असायची, सेटच्या कडेला, बाकीच्या वस्तूंबरोबर.

"मग तबकातली कुठाय?" मी विचारलं.

काका धावत गेले. तबकात चष्मा होता, सुतळीचा गुंडा होता, दोन किल्ल्या होत्या. कॅसेट नव्हती.

सकाळपासून मूळ कॅसेट कुठे गेली असं सगळे विचारत होते. डमी कुठे आहे हे कोणी विचारलं नव्हतं. उत्तर सोपं होतं. कपाट कोणी उघडलंच नव्हतं. काकांनी मंगळवारी दुपारी स्वतःच्या हाताने डमी कुलपात ठेवली होती, मूळ समजून. अदलाबदल त्याआधीच झाली होती, भर दिवसा, सेटवर.

"म्हणजे मी सुटलो?" काकांनी विचारलं.

"अजून नाही," मी म्हटलं. "डमी तुमच्याच तबकात होती. चारपर्यंत थांबा."

३

मंगळवारी मूळ कॅसेट कपाटातून बाहेर आली ती एकदाच. जेवणाच्या सुट्टीआधी टेबलावर ती ठेवणाऱ्या हाताचा जवळून शॉट होता आणि फुटलेली शाई पडद्यावर दिसायला हवी म्हणून दिग्दर्शिकेने खरी मागून घेतली. तो शॉट एक वाजून पाच मिनिटांनी संपला. लगेच सुट्टी झाली. कॅसेट टेपरेकॉर्डरशेजारी तशीच राहिली. दोनला दहा कमी असताना सगळे परतले, लांबून एक शॉट झाला आणि काकांनी टेबलावरची कॅसेट उचलून नेली.

म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. सेट रिकामा, सगळे मागच्या अंगणात जेवायला.

आधी आवाजवाल्याला गाठलं. तो तारा गुंडाळत होता आणि वैतागला होता.

"मला चोरायची असती तर मंगळवारी कशाला? आज सकाळी ती माझ्याच हातात येणार होती."

"खरंय. तू ऐकली होतीस ना ती?"

"सोमवारी एकदा, साध्या यंत्राचा हेडफोन कानाला लावून. माझं चांगलं यंत्र आज यायचं होतं, म्हणून उतरवून घेतली नाही. घरगुती मुद्रण आहे, पण आवाज? अंगावर काटा येतो. तीन मिनिटांचं भाषण. मग थोडं थांबून त्या विचारतात, 'जमलं का गं?' थोरलीबाईंनाच विचारत असणार. मग अकरा सेकंद नुसती खरखर. मग संपलं."

"कसली खरखर?"

"टेप जुनी झाली की होते तशी. मी लेकीलाही सांगितलं मंगळवारी सकाळी, की भाषण चकचकीत करून देतो आणि शेवटची खरखर कापून टाकतो."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. 'अकरा सेकंद मोजलेत?' एवढंच. इंजिनिअर आहे ना, पूल बांधते. आकडा आवडला असेल."

मग नायिका. तिच्यावर सगळ्यांचा डोळा होता, कारण या कॅसेटवरून तिने सेटवर आकाशपाताळ एक केलं होतं. ती आरशासमोर बसून चेहऱ्यावर थर चढवून घेत होती.

"या, या, वहीबाई. मीच चोर ना?"

"तू सांग."

"चेहरा माझा आणि आवाज दुसरीचा, मग मी काय बाहुली आहे? हे मी दहा जणांसमोर म्हटलं. चोरायचं असतं तर तोंड बंद ठेवलं असतं. तेवढी अक्कल आहे मला."

"काल जेवणाच्या सुट्टीत कुठे होतीस?"

"इथेच. थोरलीबाई माझ्याकडे होत्या. पूर्ण वेळ. मैत्रीण रुसून किल्ली परत मागते तो प्रवेश मला जमत नव्हता, तो त्यांनी समजावला. खरं सांगू? वर्षभराच्या शिबिरात शिकले नाही ते चाळीस मिनिटांत शिकले. जेवणसुद्धा इथेच मागवलं."

मी वहीत लिहिलं आणि पेन थांबलं. कारण सकाळी दारात भेटल्या तेव्हा थोरलीबाई आपणहून म्हणाल्या होत्या, "काल लेक माझ्याबरोबरच जेवली हो. माझ्याच खोलीत."

मी त्यांना तसं काही विचारलंच नव्हतं.

४

फोटो खोटं बोलत नाहीत. मात्र बघणारा आळशी असला तर काही सांगतही नाहीत. मंगळवारी मी आळस केला होता, हे कबूल करते.

एक वाजून पाच मिनिटांचा फोटो आणि एक पन्नासचा फोटो मी शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यात पट्टीवरची शाई फुटलेली, दुसऱ्यात रेघ स्वच्छ. लांबचा शॉट होता म्हणून माझं लक्ष गेलं नाही. अदलाबदल सुट्टीतच झाली हे आता पक्कं झालं.

मग मी टेपरेकॉर्डर बघितला. जुना, मोठा, पुढे काळं कापड लावलेला. त्याचा लाल दिवा पेटलेला दिसायला हवा म्हणून काकांनी बॅटऱ्या घालून तो चालू केला होता. सुट्टीआधी आवाजाची चकती चारवर होती. सुट्टीनंतर अगदी टोकाला. माझ्या वहीत नोंदही होती: 'चकती सरकली, परत चारवर आणली.' कोणाचा तरी हात लागला असेल असं समजून मी पुढे गेले होते.

पण चकती सहज हात लागून चारवरून दहावर जात नाही. कोणीतरी तिथे बसून कॅसेट ऐकली होती. आणि आवाज पूर्ण वाढवून. भाषण तर खणखणीत आहे; ते ऐकायला चारही जास्त. टोकापर्यंत आवाज माणूस कधी वाढवतो? फार बारीक काहीतरी ऐकायचं असेल तेव्हा. आणि तेव्हा तो नुसती चकती फिरवून थांबत नाही. कान स्पीकरला लावतो.

सोमवारी एका शॉटमध्ये थोरलीबाईंनी त्याच काळ्या कापडावर गाल टेकवला होता. त्यांच्या चेहऱ्याचा रंग त्या कापडाला असा लागला की ते साफ करायला काकांना अर्धा तास आणि तीन ब्रश लागले. काका दिवसभर कुरकुरत होते.

मंगळवारच्या एक पन्नासच्या फोटोत कापड कोळशासारखं काळं होतं. एक डाग नाही.

ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याला रंग लागलेला नव्हता. सुट्टीत रंग लावून बसलेल्या दोघीच होत्या, नायिका आणि थोरलीबाई.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. थोरलीबाई आत आल्या, दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या,

"वहीबाई, शोध थांबव. कॅसेट मी घेतली."

५

मी त्यांना खुर्ची दिली. बसल्या ताठ. पासष्टी उलटली तरी या बाईंच्या पाठीला बाक नाही.

"कशी घेतलीत?"

"काका काल संध्याकाळी खुर्चीत पेंगत होते. गळ्यातली किल्ली काढली, कपाट उघडलं, डमी ठेवली. झालं. त्या बिचाऱ्याला सोडा. मी निर्मात्यांना सांगते."

"कॅसेट कुठाय?"

"टाकून दिली."

"कुठे?"

"ते सांगायची गरज नाही."

बावीस वर्षं रंगमंच गाजवलेली बाई माझ्यासमोर वाईट अभिनय करत होती, आणि तिला ते कळतही होतं.

मी विषय बदलला. "बाई, मी तुमचं नाटक पाच वेळा बघितलंय. आधीच्या प्रयोगांत धाकटीचा आवाज आला की तुम्ही प्रेक्षकांकडे तोंड करून ऐकायचात. शेवटच्या वर्षी पाठ करून बसायला लागलात. का?"

त्यांनी पदर सारखा केला. "वर्तमानपत्रात आलं होतं ना. पाठीने रडणारी अभिनेत्री म्हणून."

"ते त्यांनी लिहिलं. तुम्ही पाठ का फिरवलीत?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. खाली कोणीतरी खिळे ठोकत होतं.

"दिग्दर्शिकेलाही तुम्ही सांगितलंत की शेवटच्या प्रसंगात कॅमेरा पाठीमागे ठेव."

"तुला काय म्हणायचंय?"

"पाठ फिरवली की ओठ दिसत नाहीत, बाई."

त्यांचा चेहरा पडला. हे मी अंदाजाने बोलले होते, पण बाण लागला. सोमवारी आवाजवाल्याने ऐकलेला तो अंगावर काटा आणणारा आवाज, शेवटच्या वर्षी तीनशे-तीनशे माणसांनी रोज ऐकलेला आवाज, धाकटीचा नव्हताच.

"तिचा घसा गेला होता," थोरलीबाई हळूच म्हणाल्या. "आजार घशातच होता. तिने माझ्याकडून शपथ घेतली, कोणाला कळू द्यायचं नाही. रोज पडद्याआड तिच्या खुर्चीत येऊन बसायची. मी बोलायचे, तिच्या आवाजात. ती कॅसेट म्हणजे आमची तालीम. सिनेमावाले आता तिला 'तिचा खरा आवाज' म्हणून जगभर वाजवणार. तिला ते चाललं नसतं. म्हणून घेतली."

कारण इतकं पटण्यासारखं होतं की क्षणभर मलाही वाटलं, असं खरंच झालं असेल.

"बाई," मी म्हटलं, "कारण खरं आहे. चोरी तुमची नाही. कपाट कोणी उघडलंच नाही. कॅसेट सुट्टीत सेटवरून गेली आणि सुट्टीभर तुम्ही नायिकेच्या खोलीत होतात. लेक तुमच्याबरोबर जेवली नाही. तुम्ही सकाळी माझ्याशी खोटं बोललात, न विचारता."

त्यांनी डोळे मिटले.

"तिची गाडी साडेतीनला आहे," त्या म्हणाल्या. "जाऊ दे तिला."

घड्याळात तीन वाजत होते.

६

लेक थोरलीबाईंच्या खोलीत बॅग भरत होती. चाळिशीच्या आतबाहेरची, केस आखूड, चेहऱ्याला साधी क्रीमसुद्धा नाही. उन्हात पूल बांधून रापलेला रंग. मी आत शिरले, मागोमाग थोरलीबाई.

"बसता का दोन मिनिटं?" मी म्हटलं. "मी बोलते. चुकलं तर थांबवा."

ती उभीच राहिली.

"डमी तबकात आहे हे सेटवर सगळ्यांना ठाऊक होतं, पण ती वापरायची गरज फक्त त्यालाच, ज्याला कॅसेट गेल्याचं लगेच कळू द्यायचं नाही. काकांकडे किल्ली होती. त्यांना सुट्टीतली धावपळ करायची गरज नव्हती. आवाजवाल्याच्या हातात ती दुसऱ्या दिवशी आपोआप येणार होती. दिग्दर्शिका तर तिच्यासाठी जीव टाकत होती. नायिका आणि बाई चेहरा रंगवून बसल्या होत्या, आणि ज्याने कान लावून ऐकलं त्याचा चेहरा कोरा होता. उरल्या तुम्ही. तुम्हाला मंगळवारी सकाळी कोणीतरी सांगितलं की शेवटचे अकरा सेकंद कापून टाकणार. आणि तुम्ही विचारलंत, मोजलेत का."

"तुम्ही पूल तपासायला हव्या होतात," ती म्हणाली. "एक भेग सुटली नसती."

"एकच सुटली. स्वतःच आणून दिलेली कॅसेट परत का घेतलीत? परत मागितली असती तर दिली असती."

"मग कारण सांगावं लागलं असतं." तिने थोरलीबाईंकडे बघितलं. "मावशीसमोर."

थोरलीबाई दाराला टेकल्या.

लेकीने बॅगेच्या तळातून, दोन सदऱ्यांच्या घडीतून कॅसेट काढली. शाई फुटलेली. खोलीत तालमीसाठी ठेवलेला छोटा टेपरेकॉर्डर होता. तिने कॅसेट घातली, थोडी पुढे नेली आणि चकती टोकापर्यंत फिरवली.

भाषणाची शेवटची ओळ खोलीभर गरजली. थोडी शांतता. मग तोच आवाज, "जमलं का गं?"

मग खरखर. समुद्राचा शंख कानाला लावल्यासारखी.

"इथे ऐका," लेक म्हणाली आणि आम्ही दोघी खाली वाकलो.

त्या खरखरीच्या आत कोणीतरी बोलत होतं. घसा नसलेलं, फक्त श्वासाचं बोलणं. आधी कळलं नाही. तिने मागे नेऊन परत लावलं. तिसऱ्यांदा शब्द लागले.

"माझ्यापेक्षा तूच जास्त मी वाटतेस, मेले. आता पोरीला फोन लाव."

७

 लेकीने यंत्र बंद केलं.

"भाषण संपलं की मी नेहमी बटण दाबायचे," ती म्हणाली. "'जमलं का गं' पर्यंत ऐकलं होतं. पुढचं कधीच नाही. काल पहिल्यांदा ऐकलं. तो आवाजवाला म्हणतो, खरखर कापून टाकू. अहो, तेवढीच माझी आई आहे त्यात. बाकी सगळी मावशी."

"मला माहीत असतं तर..." थोरलीबाई पुढे बोलू शकल्या नाहीत.

"तुला सगळं माहीत होतं, मावशी." आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. "त्या वर्षी मी सुट्टीवर आले तेव्हा आई पाटीवर लिहून बोलायची. म्हणायची, प्रयोगासाठी आवाज राखून ठेवतेय. किती चिडले मी. लोकांसाठी आवाज आहे, माझ्यासाठी नाही. मग कामावर परत गेले की रविवारी फोन यायचा आणि आई भरभरून बोलायची. मला वाटायचं, बरं झालं, निदान फोनवर तरी. त्या फोनांवर मी सहा वर्षं जगलेय. ते कोण बोलत होतं?"

थोरलीबाई खुर्चीत बसल्या. मग एखाद्या साक्षीदारासारख्या सरळ बोलल्या, काही न लपवता.

"मी. ती शेजारी बसायची, पाटी घेऊन. दोघी एकाच रिसीव्हरला कान लावायचो. ती लिहायची, मी म्हणायचे. तू काही विनोद केलास की ती हसायची, आवाज न होता, आणि मला कोपराने ढोसायची की आता तू हस. पाटी भरली की मी पुसायचे. घसा गेल्याचं तुला कळलं तर तू पूल सोडून येऊन बसशील, म्हणून तुला सांगायचं नाही. 'पोरगी पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी उभं करतेय,' असं लिहिलं होतं तिने. शपथ घातली मला."

"शब्द सगळे तिचे?"

"सगळे."

"शेवटच्या रविवारचेसुद्धा?"

थोरलीबाईंनी मान खाली घातली. 

"नाही," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तिच्या हातात खडू धरवत नव्हता. इस्पितळात झोपली होती. मी एकटीच बाहेर येऊन फोन केला. तिच्या आवाजात. आणि जे तिने कधी लिहिलं नसतं ते बोलले."

लेक हळूच म्हणाली, "'ये गं. पूल राहू दे. आजच नीघ.'"

"हो."

"मी त्याच दिवशी निघाले. बुधवारी पोचले."

"हो."

"शुक्रवारी ती गेली. दोन दिवस मी तिचा हात धरून बसले होते."

"तिने मला माफ केलं नसतं," थोरलीबाई म्हणाल्या. "शपथ मोडली मी. सगळ्या वर्षात तेवढंच एक वाक्य माझं होतं आणि तेच तिच्या मनाविरुद्ध. तू दारात दिसलीस तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता ही मला मारते. मग तुझ्याकडे वळली. परत माझ्याकडे बघितलंच नाही."

लेक खाली बसली, अगदी त्यांच्या पायांशी, जमिनीवर. इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं एकदम सुटलं. थोरलीबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. काही गोष्टींची नोंद ठेवायची नसते.

थोड्या वेळाने लेकीचा आवाज आला, नाक ओढत, पण ठाम.

"मावशी, शपथ आईला दिली होतीस ना? आईचं जे काही आहे ते आता माझं आहे. घर माझं, सामान माझं. ही शपथही माझीच. मी तुला त्यातून सोडवते. आत्ता, या बाईंच्या समोर."

"तसं सुटता येतं का गं?"

"मी म्हणते येतं."

८

साडेतीनची गाडी गेली. चारच्या ठोक्याला निर्माते आले तेव्हा आम्ही पाच जण दिग्दर्शिकेच्या खोलीत बसलो होतो. लेकीने उभं राहून सगळं सांगितलं, आधी चोरी, मग आई. शेवटी काकांपुढे हात जोडले. "तुमच्यावर येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चूक माझी."

काकांनी घसा खाकरला. "माझी डमी इतकी चांगली झाली होती की मीच फसलो," ते म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर थोडी ऐट आली. मग त्यांना भुकेची आठवण झाली आणि ते डबा शोधायला गेले.

 निर्मात्यांनी पोलिसांचा विषय काढला नाही.

दिग्दर्शिका मात्र रडवेली झाली होती. "मी 'खरा आवाज' म्हणून जाहिरात करणार होते. आता शेवट काय करू? कॅसेट तर तुमची आहे, ती मी मागणार नाही."

"मागू नकोसच," लेक म्हणाली. "भाषण हवं तर भाषण म्हणणारी समोर बसली आहे."

सगळ्यांनी थोरलीबाईंकडे बघितलं. नायिका दारात येऊन उभी होती, कधी आली कळलं नाही. तीच म्हणाली, "बाई, तुम्ही म्हणा. माझ्या चेहऱ्यावर तुमचा आवाज चालेल मला. खोटा नाही ना तो."

थोरलीबाई उठल्या. "तिच्या चेहऱ्यावर नको," त्या दिग्दर्शिकेला म्हणाल्या. "माझ्याच चेहऱ्यावर राहू दे. मैत्रीण मेली आहे, कॅसेट कोरी निघाली आहे, आणि ही बाई एकटीच बसून तिचं बोलणं तिच्या आवाजात स्वतःला म्हणून दाखवते. लिहून घे. तुझ्या शेवटापेक्षा बरा आहे."

दिग्दर्शिकेने लिहून घेतलं.

गुरुवारी सकाळी अकराला तो शॉट लागला. कॅमेरा समोर, अगदी जवळ. लेक माझ्या शेजारी, दुमडायच्या खुर्चीत बसली होती. थोरलीबाई बोलायला लागल्या. आवाज दुसरीचा होता, ओठ त्यांचे होते, आणि दोन्ही एकाच वेळी बघायला मिळाल्यावर सेटवरच्या माणसांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. तीन मिनिटं कोणी हललं नाही.

भाषण संपलं. दिग्दर्शिकेने कट म्हटलं नाही. थोरलीबाईंनी मान वर करून कॅमेऱ्याच्या बाजूला, थेट आमच्या दिशेने बघितलं. आता स्वतःच्या आवाजात, थोडा जाड, थोडा थकलेला, विचारलं,

"जमलं का गं?"

लेकीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि जोरजोरात मान हलवली, हो, हो.

तो शॉट पहिल्याच खेपेला पास झाला.